वरचा आकडा

चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या बहात्तर होत्या, लांब टेबलं सहा, ब्लडप्रेशर मोजायची यंत्रं चार आणि त्यांतलं एक बंद. दंडाला गुंडाळायचे पट्टे तीन मापांचे, प्रत्येकी दोन. संमतीपत्रांचे दोन गठ्ठे. पेनं तीस, कारण पेनं कधी परत येत नाहीत. भिंतीपाशी पांढरा गणवेश आणि पांढरे हातमोजे घातलेल्या चर्चच्या सेविका पाच. आणि माणसं त्रेपन्न, रविवारच्या कपड्यांत, प्रार्थना आटोपून जिना उतरून आलेली.

व्हर्नेल पेटीग्रूला त्यांतली तीन हवी होती.

तीन म्हणजे काही फार नव्हती. पण गेल्या चार महिन्यांत तिला मिळून दोनच मिळाली होती. मेम्फिसमधल्या ज्या हॉस्पिटलात ती कामाला होती, तिथं एका नव्या गोळीची चाचणी चालू होती. दोन-दोन गोळ्या घेऊनही ज्यांचं ब्लडप्रेशर उतरत नाही त्यांच्यासाठी ही तिसरी. चाचणीत वीस माणसं भरायची होती, भरली होती सतरा. जानेवारी संपेपर्यंत वीस झाली नाहीत तर गोळी बनवणारी कंपनी मेम्फिसचं केंद्र बंद करणार आणि सतरा जणांना नॅशव्हिलच्या केंद्राकडं वर्ग करणार होती. पत्रात ते एका ओळीत लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात नॅशव्हिल तीन तासांवर, आणि सतरापैकी बहुतेकांकडं गाडीच नव्हती. युलिसिस टार्वर तर एका पायाचा म्हातारा, दोन बस बदलून कुबडीवर यायचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचं ब्लडप्रेशर ताळ्यावर आलं होतं. त्या गोळीनं म्हणा, किंवा दर महिन्याला कुणीतरी जवळ बसवून चौकशी करतं म्हणून म्हणा. ते ठरवायलाच तर चाचणी होती. युलिसिस नॅशव्हिलला जाणार नाही हे व्हर्नेलला माहीत होतं. तिची स्वतःची नोकरीही जाणार होती, पण त्याचा विचार ती गाडीत एकटी असतानाच करायची.

या चर्चवर तिनं दोन वर्षं घालवली होती. पत्रकं वाटून कुणी येत नाही, हे ती पहिल्या सहा महिन्यांतच शिकली होती. पत्रकाची लोक पुडी करतात, तिच्यात च्युइंगगम थुंकतात. म्हणून तिनं दोन अंत्यविधींना मागच्या बाकावर हजेरी लावली, चर्चच्या छपरासाठी तळलेले मासे विकायला उभी राहिली आणि सेविकांच्या प्रमुख मदर ऑर्लीन गेदर्स यांना तीनदा डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेऊन आणलं. तेव्हा कुठं नोव्हेंबरात डीकन बॅसकमनं मान डोलावली. हा डीकन म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेला, चर्चचा सगळा कारभार खिशात घेऊन फिरणारा माणूस. तो म्हणाला होता, "जानेवारीतला तिसरा रविवार घे. त्या दिवशी आमची माणसं तुला उत्तम मिळतील."

नियम सोपा होता. माणसाला पाच मिनिटं गप्प बसवायचं, पाय जमिनीला टेकलेले. मग तीनदा मोजायचं. पहिला आकडा सोडून द्यायचा, कारण पहिल्या खेपेला माणूस धास्तावलेला असतो. उरलेल्या दोन आकड्यांची सरासरी काढायची. दोन गोळ्या चालू असूनही वरचा आकडा सरासरी एकशे चाळीस किंवा जास्त आला तर माणूस चाचणीत, नाहीतर नाही. आणि दुपारच्या दोन वाजेपर्यंत नाही म्हणायचीच पाळी येत होती.

"एकशे अठ्ठावीस!" डीकन बॅसकमनं यंत्रावर वाकून पुकारा केला. "सिस्टर हॅटी, एकशे अठ्ठावीस! देवाची कृपा!"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

"डीकन, आकडे मोठ्यानं सांगायचे नसतात," व्हर्नेल म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली. "ज्याचा त्याच्यापाशी ठेवायचा."

"का? लाजण्यासारखा असला तर लपवावा माणसानं. हा बघ, एकशे बत्तीस. नाव काय तुमचं ते विसरलो, पण शाब्बास!"

रांगेतल्या एका बाईनं संमतीपत्रातली एक ओळ बोटानं दाबून धरली होती. "ए बाई, यात लिहिलंय अर्ध्या लोकांना खरी गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी. खोटीत काय असतं?"

"काही नाही. साखरेसारखं काहीतरी."

"साखर? मला डायबेटिस आहे. माझं नाव खऱ्यांत घाल."

"ते माझ्या हातात नसतं हो. चिठ्ठ्या टाकल्यासारखं असतं, आणि तेही कॉम्प्युटर करतो."

"म्हणजे जुगार. आणि तोही चर्चमध्ये!" बाईनं मागं वळून सगळ्यांना सांगितलं आणि हसत पेन उचललं. तिचा आकडा एकशे चोवीस आला.

एकशे सव्वीस. एकशे तीस. एकशे सदतीस, त्या वेळी व्हर्नेल खुर्चीत जरा पुढं सरकून बसली होती, पण दुसऱ्या मोजणीला तोही उतरला. यंत्रातच दोष असेल म्हणून तिनं पट्टा स्वतःच्या दंडाला बांधून पाहिला. एकशे एकोणपन्नास. यंत्र ठीक होतं.

कंबर धरली होती. ती उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. तिथं रविवारचं जेवण गरम होत होतं. तिनं एका पातेल्याचं झाकण उघडलं: घेवडा, नुसता, आत हाडाचा तुकडा नाही. दुसऱ्यात कोबी. तिसऱ्यात हातसडीचा भात. ओट्यावर एकही केक नव्हता. या चर्चच्या ओट्यावर केक नाही असं तिनं दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

मदर ऑर्लीन हातमोजे काढून कोबी ढवळत होत्या. वय एक्क्याऐंशी, पाठ अजून ताठ.

"मदर, मांस कुठंय?"

"मांस? पोरी, उपास चाललाय. डॅनियलचा उपास. एकवीस दिवस." त्यांनी डाव कडेवर आपटला. "बायबलात राजाच्या पंगतीतलं मांस आणि दारू डॅनियलनं नको म्हटली आणि डाळी-भाज्यांवर राहिला. तसंच आम्ही वर्षाच्या सुरुवातीला राहतो. मांस नाही, साखर नाही, मीठ नाही. तुमच्या मेथडिस्ट पंथात नाही का करत?"

"आमचा ईस्टरच्या आधी असतो," व्हर्नेल म्हणाली. ती तारीख तिनं आठवणीनं टाळली होती. जानेवारीत कुणी उपास धरत असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. "मीठ कधीपासून नाही?"

"सगळ्यांचं पाच तारखेपासून. पण मी माझ्या सेविकांना सांगितलं, हॉस्पिटलची माणसं मोजायला येणारेत, नाताळ झाला की लगेच मीठ बंद करा. चर्चची अब्रू आहे. शेजारच्या न्यू बेथेल चर्चमध्ये गेल्या वर्षी असंच कुणीतरी मोजायला आलं होतं, तर निम्मे लोक लाल शेऱ्यात. वर्षभर हसलो आम्ही त्यांना."

दारात डीकन बॅसकम येऊन उभा होता. त्याचा चेहरा फुललेला होता. "म्हणून तर तुला ही तारीख दिली! एरवी आली असतीस तर आमची लाज गेली असती. आज बघ, एक नापास नाही."

व्हर्नेल ओट्याला टेकली. मग तिनं जसं होतं तसं सांगितलं: ही परीक्षा नव्हती. गोळी वाढलेल्या ब्लडप्रेशरवरची होती. ज्यांचं वाढलेलं आहे तीच माणसं हवी होती. आज ज्यांच्यासाठी टाळ्या पडल्या त्यांतलं एकही तिच्या कामाचं नव्हतं.

कोबी रटरटत होता.

"म्हणजे तुला आजारी माणसं हवी होती," डीकन म्हणाला.

"हो."

"मग तसं सांगायचं ना! जुलैत ये. चार जुलैच्या मेजवानीनंतर अख्खं चर्च देतो तुला, दोनशेच्या खाली एक माणूस सापडायचा नाही." तो स्वतःच हसला, पण व्हर्नेलचा चेहरा पाहून थांबला. "जुलैपर्यंत थांबता येणार नाही का?"

"मला या महिनाअखेरपर्यंत तीन माणसं हवीत, डीकन."

त्या दिवशी तिनं सगळं सामान गाडीत भरलं तेव्हा बाहेर बर्फमिश्रित पाऊस पडत होता. गाडीत बसूनच तिनं चाचणीचे प्रमुख डॉक्टर लिंडक्विस्ट यांना फोन लावला. त्यांनी कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "नियमात एकदा फेरमोजणी करता येते. मध्ये आठवडा गेला पाहिजे."

"उपास पंचवीसला सुटतोय."

"म्हणजे मधे पाचसहा दिवस मिळतील. व्हर्नेल, एक लक्षात ठेव. कुणाला काय खा आणि काय खाऊ नका, हे तू सांगायचं नाहीस. एक अक्षर नाही."

"मला माहितीये, डॉक्टर."

"तुला माहितीये हे मला माहितीये. पण सांगायला लागतं." त्यांचाही आवाज दमलेला होता. त्यांची कंपनीच्या लोकांशी सकाळपासून दोनदा वादावादी झाली होती.

उपास सुटायच्या रविवारी चर्चनं तिला जेवायला बोलावलं. या खेपेला टेबलांवर जागा उरली नव्हती. तळलेलं कॅटफिश, खारवलेलं डुकराचं मांस, चीज घालून भाजलेली मॅकरोनी, लोणच्याची काकडी, आणि ओट्यावर केक सात. लोक असे तुटून पडले की प्रार्थनेचं शेवटचं आमेन घासातच अडकलं. डीकन बॅसकमनं ताटात मांसाचे चार तुकडे घेतले आणि व्हर्नेलकडं पाहून डोळा मारला. "विज्ञानासाठी," तो म्हणाला.

"डीकन, माझ्यासाठी काही करू नका."

"तुझ्यासाठी कोण करतंय? तीन आठवडे रात्री स्वप्नात डुकरं येताहेत माझ्या."

व्हर्नेल मदर ऑर्लीन यांच्यासमोर बसली होती. नियमात बसेल असं एकच माणूस तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते मदर ऑर्लीन होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडं प्रत्येक खेपेला त्यांचा वरचा आकडा एकशे साठच्या आसपास भरलेला तिनं स्वतः ऐकला होता. दोन गोळ्या चालूच होत्या. मांसाची परात फिरत फिरत मदर ऑर्लीन यांच्यापाशी आली. त्यांनी ती न थांबवता पुढं दिली. काकडीही पुढं दिली. त्यांच्या ताटात घेवडा, भात आणि उकडलेला कोबी होता.

"तुमचा उपास सुटला नाही का, मदर?" व्हर्नेलनं विचारलं. आवाज सहज राहील असं बघितलं.

"देवाला कबूल केलेला सुटला. हा माझा मी चालवतेय." त्यांनी टेबलाखालून पाय बाहेर काढून दाखवला. "घोटे बघ. सूज उतरलीय. मुलीच्या लग्नात घेतलेले बूट आज घातले. सकाळी जिना चढले तर मध्ये थांबावं लागलं नाही."

"छान झालं," व्हर्नेल म्हणाली. खरंच छान झालं होतं. आणि तरी तिची नजर मिठाच्या कुपीकडं गेली, तिथून मदर ऑर्लीन यांच्या हाताकडं, आणि हात भाताच्या चमच्याकडं वळेपर्यंत तिथून हलली नाही. तिनं ताट बाजूला सारलं आणि केक घ्यायच्या निमित्तानं उठली.

सोमवारपासून तिनं हॉस्पिटलात फेरमोजणी लावली. सहा जण आले. चौघं परत गेले. शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करणारी सिस्टर जॉनेटा बुधवारी एकशे पंचेचाळीस भरली आणि तिनं सही केली. गुरुवारी डीकन बॅसकम आला, नवीन टाय लावून. त्याची सरासरी एकशे सेहेचाळीस आली.

"म्हणजे झालो पास?" त्यानं विचारलं.

"तुम्ही चाचणीत बसता, डीकन."

"ही बातमी चर्चमध्ये कळता कामा नये." सही करता करता तो थांबला. "हातमोजेवाल्या बायकांना तर मुळीच नाही. जन्मभर ऐकवतील."

एकोणीस झाली. शुक्रवारी कुणीच आलं नाही. व्हर्नेलनं जुन्या याद्या काढून फोन केले. एक माणूस गाव सोडून गेला होता, एका बाईनं फोन मध्येच ठेवला, एकाच्या मुलीनं सांगितलं की वडील गेले, नोव्हेंबरात. व्हर्नेलनं मुलीचं सांत्वन केलं, बराच वेळ केलं, आणि यादीत पुढचं नाव होतं तरी फोन खाली ठेवला.

शनिवारी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळी मदर ऑर्लीन यांचाच फोन आला. "मला न्यायला ये. मला मोजून घ्यायचंय."

गाडीत बसल्यावर त्यांनी सीटचा पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाल्या, "नॅशव्हिलचं मला कुणी सांगितलं नव्हतं. काल युलिसिस टार्वरनं सांगितलं. तो माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, हे तुला माहीत होतं का?"

"नाही."

"तो म्हणाला, बाई, ती पोरगी गेली तर मी पुन्हा त्या आपत्कालीन विभागात जाऊन सहा तास बसणार आणि एक दिवस बसल्या जागीच मरणार." वायपर काचेवर घासत होते. "काल रात्री मी मांस खाल्लं. दोन तुकडे. वर काकडी. आज सकाळीही."

व्हर्नेलनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "मदर, मी तुम्हाला हे करायला सांगितलेलं नाही."

"तोंडानं नाही सांगितलंस."

"म्हणजे?"

"रविवारी माझ्या ताटाकडं बघत होतीस. माझा नवरा असा बघायचा, पैज लावलेल्या कुत्र्याकडं, शर्यतीच्या मैदानात. मी बोलले नाही. तुझी आई असती तर बोलली असती."

व्हर्नेलला वाटलं आता रडू येईल, पण आलं नाही. नुसती मान दुखत राहिली. ती म्हणाली, "मला माफ करा. आपण परत जाऊ या. तुम्ही घरी जा, आणि पुन्हा तुमचा घेवडा सुरू करा."

"परत कशाला? खाल्लेलं काही पोटातून बाहेर येत नाही. मोज तू. सोमवारपासून पुन्हा बिनमिठाचं खाणारच आहे मी." त्यांनी हातमोजे चढवले. "गोळ्या मात्र चुकवल्या नाहीत. बॅसकम म्हणाला, दोन दिवस गोळ्या घेऊ नका, आकडा कसा वर जातो बघा. मी म्हटलं, ती लबाडी झाली."

"आणि मांस?"

"मांस म्हणजे शनिवारचा नेहमीचा नाश्ता. ती लबाडी कशी?"

हॉस्पिटलच्या त्या मजल्यावर शनिवारी कुणी नसायचं. व्हर्नेलनं संमतीपत्र पहिल्या पानापासून वाचून दाखवलं. घाई केली नाही. खरी गोळी मिळेल किंवा खोटी मिळेल, ते तिलाही कळणार नाही. चक्कर येऊ शकते. नको वाटलं तर कधीही सोडता येतं, कुणी कारण विचारणार नाही. बिनमिठाचं जेवण चालू ठेवलं तर फारच चांगलं. मदर ऑर्लीन यांनी सगळं ऐकलं, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. मग एक हातमोजा काढला, बाही वर केली आणि दंड टेबलावर ठेवला.

"पाच मिनिटं बोलायचं नाही," व्हर्नेल म्हणाली.

"त्याआधी एक बोलते. थोडंसं कमी पडलं तर तू एखादा आकडा पुढं सरकव. भांड्यात मीठ टाकताना आपण खडे मोजतो का? देव समजून घेईल. युलिसिसपण."

व्हर्नेलनं पट्टा त्यांच्या दंडाला बांधला. यंत्राचा पडदा तिच्याकडं होता. मदर ऑर्लीन यांना तो दिसत नव्हता. पट्टा फुगायचा आणि हळूहळू ओसरायचा. दोन मोजण्यांच्या मध्ये खिडकीच्या काचेवर गारांचा बारीक आवाज येत होता. मदर ऑर्लीन डोळे मिटून, ओठ न हलवता बसल्या होत्या.

पहिली मोजणी एकशे त्रेचाळीस. ती धरायची नव्हती.

दुसरी एकशे एकेचाळीस.

तिसरी एकशे सदतीस.

व्हर्नेलनं पेन उचललं आणि रकान्यात सरासरी लिहिली: एकशे एकोणचाळीस.